इन्सुलिन रेझिस्टन्समुळे मेंदू उपाशी राहतो का?

प्रश्न थोडक्यात असा: वय ४७, माध्यमिक शाळेत शिक्षिका. उपाशीपोटी साखर ११२, एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी) ६.१, उपाशीपोटी इन्सुलिन १८. उंची १५५ सेंटिमीटर, वजन ५८ किलो, कंबर ८८ सेंटिमीटर. दुपारी चारच्या सुमारास डोकं सुन्न होतं, वर्गात मुलांची नावं ओठांवर येऊन अडकतात. वडिलांना मधुमेह आणि रक्तदाब होता, शेवटची काही वर्षं स्मृतिभ्रंशही होता. एका व्हिडिओत तुम्ही ऐकलंत की इन्सुलिन रेझिस्टन्समध्ये मेंदूच्या पेशींत साखर शिरतच नाही, मेंदू भुकेने सुकत जातो आणि यालाच ‘टाइप ३ डायबिटीस’ म्हणतात. तेव्हापासून रोज चार वाजता तुम्ही पाण्यातून ग्लुकोज पावडर घेता. आता सकाळी दोन चमचे खोबरेल तेल सुरू करावं का, असं विचारता आहात.

ताई, ग्लुकोज पावडर आजच बंद करा. का, ते नीट समजलं की पुढचे बरेच प्रश्न आपोआप सुटतील, म्हणून मुळापासून सांगतो. मी २७ वर्षं मधुमेहाचे रुग्ण पाहतो आहे. ‘मेंदू उपाशी आहे’ हा समज अलीकडे इतक्या जणांच्या तोंडून ऐकतो की त्यावर एकदा सविस्तर लिहायला हवंच होतं. घाबरलेला माणूस मेंदूसाठी म्हणून गोड खातो, आणि ज्याची भीती वाटते तोच आजार त्या गोडाने वाढतो.

आधी मेंदूचा हिशेब मांडू. मेंदूचं वजन साधारण १४०० ग्रॅम, शरीराच्या दोन टक्के. पण आपण स्वस्थ पडून असतो तेव्हा शरीर जी ऊर्जा खर्च करतं तिचा सुमारे पाचवा हिस्सा एकटा मेंदू घेतो. त्याला दिवसाला ११० ग्रॅमच्या आसपास ग्लुकोज लागतं, म्हणजे तासाला साडेचार ग्रॅमच्या वर. आता तुमच्या अंगातलं रक्त धरा चार लिटर. साखर ११२, म्हणजे शंभर मिलीलिटर रक्तात ११२ मिलिग्रॅम, या हिशेबाने त्या सगळ्या रक्तात मिळून साडेचार ग्रॅम ग्लुकोज असतं, चहाचा एक चमचा. यकृताने साखर सोडणं थांबवलं तर एवढी साखर मेंदू तासाभरात संपवेल. मेंदूचा स्वतःचा साठा नावापुरता. अशा अवयवाचं पोट इन्सुलिनच्या भरवशावर ठेवणं शरीराला परवडणारं नाही, आणि शरीराने ते तसं ठेवलेलंही नाही.

पेशीच्या आवरणातून ग्लुकोज आपोआप आत जात नाही, त्याला आत नेणारी प्रथिनं लागतात. त्यांना ग्लूट म्हणतात आणि त्यांना क्रमांक दिलेले आहेत. स्नायूंमध्ये आणि चरबीत ग्लूट-४ असतं. ते एरवी पेशीच्या आत पिशव्यांमध्ये पडून असतं. इन्सुलिनने हाक दिली की आवरणावर येतं आणि साखर आत ओढतं. मेंदूकडे जाणाऱ्या केशवाहिन्यांच्या भिंतीत मात्र ग्लूट-१ असतं आणि मेंदूच्या चेतापेशींवर ग्लूट-३. ही दोन्ही कायम जागेवर असतात, त्यांना इन्सुलिनच्या हाकेची गरज नसते. शिवाय ग्लूट-३ची ग्लुकोजवरची पकड फार मजबूत आहे, त्यामुळे आसपास साखर कमी असली तरी चेतापेशी आपला वाटा ओढून घेते. मेंदूच्या काही भागांत थोडं ग्लूट-४ सापडतं, पण मेंदूचा रोजचा शिधा त्यावर चालत नाही.

हे पुस्तकातलं झालं. पण कुठल्याही कॅज्युअल्टीत हे डोळ्यांनी दिसतं. टाइप १ मधुमेहाचं मूल येतं तेव्हा अंगात इन्सुलिन जवळजवळ नसतं आणि साखर ५०० असते. इन्सुलिनविना मेंदूत साखर शिरत नसती तर या मुलाच्या मेंदूला सगळ्यात आधी इंधन कमी पडलं असतं. तसं होत नाही. त्याला येणारी गुंगी पाणी आणि क्षार कमी झाल्याने आणि रक्तात आम्ल साचल्याने येते. दुसरीकडे चुकून दुप्पट इन्सुलिन टोचलेला माणूस येतो. इन्सुलिन हवं त्याहून कितीतरी जास्त, आणि तो बेशुद्ध, कारण सगळी साखर स्नायूंनी उचलली आणि रक्तात मेंदूसाठी उरली नाही. मेंदू खरोखर उपाशी राहतो तो या माणसाचा.

तिसरा पुरावा दुर्मीळ आहे, पण मला तो फार बोलका वाटतो. १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या डॅरिल डी व्हिवो यांनी दोन बाळांची नोंद केली. दोघांनाही फिटचे झटके येत होते. रक्तातली साखर उत्तम, पण पाठीच्या पाण्यातली साखर फारच कमी. त्यांचं ग्लूट-१च सदोष होतं. इन्सुलिनमध्ये काहीही बिघाड नसताना मेंदू उपाशी! व्हिडिओत सांगितलेली स्थिती खरी असते ती अशा मुलांमध्ये. तुमच्यात नाही.

मग इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणजे काय? इन्सुलिन हाक देतं, पण स्नायू आणि यकृत ती नीट ऐकत नाहीत. म्हणून स्वादुपिंड आवाज वाढवतं, जास्त इन्सुलिन सोडतं. तुमचे आकडे बघा: ११२ गुणिले १८ भागिले ४०५, उत्तर जवळजवळ ५. याला होमा निर्देशांक म्हणतात. प्रत्येक लॅबचं इन्सुलिन थोडं वेगळं येतं, त्यामुळे एका आकड्याला चिकटून बसू नये, पण ५ म्हणजे रेझिस्टन्स आहे हे नक्की. चाचणी पुन्हा करायची गरज नाही. कंबर ८८ आणि एचबीएवनसी ६.१ तेच सांगतात.

आता गंमत अशी की हा रेझिस्टन्स मुळात मेंदूच्या भल्यासाठीच घडलेला आहे. दुष्काळात धरणातला साठा उतरला की कालव्याचं आवर्तन बंद करतात आणि उरलेलं पाणी पिण्यासाठी राखून ठेवतात. शेताला पाणी नाही, पण गावाला प्यायला मिळतं. शरीर उपासमारीत हेच करतं. स्नायू इन्सुलिनचं ऐकेनासे होतात, चरबीवर भागवतात आणि साखर मेंदूसाठी शिल्लक राहते. गरोदरपणात पुढच्या महिन्यांत आई इन्सुलिन रेझिस्टंट होते ती पोटातल्या बाळाला साखर पोचावी म्हणून. बोस्टनमध्ये जॉर्ज केहिल आणि सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये दाखवलं की पाच-सहा आठवडे उपाशी राहिलेल्या लठ्ठ माणसांचा मेंदू आपलं निम्म्याहून अधिक इंधन, सुमारे दोन तृतीयांश, चरबीपासून बनणाऱ्या कीटोनमधून घेतो. तेव्हाही इन्सुलिन तळाला गेलेलं असतं आणि मेंदू शाबूत असतो. मेंदूची सोय शरीर आधी बघतं, बाकीच्यांची नंतर.

आपल्या लोकांसाठी ही गोष्ट आणखी मागे, आईच्या पोटापर्यंत जाते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर स्त्रिया आणि त्यांची बाळं अभ्यासली. तिथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. कमी होते ते स्नायू आणि पोटातले अवयव. कातडीखालची चरबी मात्र बरीचशी टिकून होती. त्याच्या आधी, १९९२ मध्ये हेल्स आणि बार्कर या इंग्रज संशोधकांनी मांडलं होतं की पोटात अन्न कमी पडलं की बाळाचं शरीर मेंदू वाचवतं आणि स्नायू, स्वादुपिंड यांच्यावर काटकसर करतं. जन्मतःच स्नायू कमी, म्हणजे साखर उचलणारे हात कमी. मोठेपणी वजन काट्यावर ठीक दिसतं आणि आतून साखर बिघडलेली असते. डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन मित्रांचा २००४ मध्ये छापलेला फोटो आमच्या पिढीच्या डॉक्टरांना पाठ आहे. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. तुमचा बीएमआय २४ आहे आणि ‘मी तर बारीक आहे’ असं तुम्ही लिहिलं आहे. आपल्यासाठी २३च्या वर जास्त वजन धरतात आणि बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या वर गेली की धोका सुरू होतो. तेव्हा काट्यापेक्षा शिंप्याच्या टेपवर विश्वास ठेवा.

अडचण अशी की आता उपासमार नाही, धरण भरून वाहतंय, तरी कालव्याचे दरवाजे अजून अर्धवट बंद आहेत. साखर वाढते, इन्सुलिन वाढतं आणि हे वर्षानुवर्षं चालतं. मेंदूला त्रास होतो तो या दीर्घकाळच्या गोंधळाने. तो कसा, हे सांगताना मी पूर्ण खात्रीच्या गोष्टींपासून सुरुवात करतो.

सगळ्यात पक्की गोष्ट रक्तवाहिन्यांची. वाढलेली साखर, रक्तदाब आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) ही मंडळी एकत्रच येतात. मेंदूच्या आतल्या बारीक वाहिन्या त्यांनी जाड आणि कडक होतात, खोलवर पक्षाघाताचे लहान लहान झटके येऊन जातात आणि घरात कुणाला पत्ताही लागत नाही. माणूस हळू बोलायला लागतो, हळू चालायला लागतो, हिशेब चुकतो. मी पाहिलेल्या मधुमेही स्मृतिभ्रंशात हा भाग फार मोठा आहे. तुमच्या वडिलांना मधुमेहासोबत रक्तदाबही होता, म्हणून हे मुद्दाम सांगतो. रॉटरडॅममध्ये हजारो वृद्धांवर झालेल्या अभ्यासात १९९९ साली दिसलं की मधुमेह असलेल्यांत स्मृतिभ्रंशाचा धोका जवळजवळ दुप्पट होता. यात वाहिन्यांमुळे होणारा आणि अल्झायमर, दोन्ही आले.

दुसरी गोष्ट मेंदूतल्या इन्सुलिनची. मेंदूला साखर घेण्यासाठी इन्सुलिन लागत नाही, पण इन्सुलिन तिथे कामाला येतं. १९७८ मध्ये उंदरांच्या मेंदूत इन्सुलिनची ग्राहक-प्रथिनं भरपूर प्रमाणात सापडली आणि हा विषय उघडला. इन्सुलिन रक्तातून मेंदूत जातं ते ठरावीक वाहकांवरून. तिथे ते भुकेला आवर घालतं, यकृताला ‘साखर सोडणं कमी कर’ असा निरोप पाठवण्यात मदत करतं, आणि आठवण जिथे तयार होते त्या हिप्पोकॅम्पसमध्ये चेतापेशींच्या जोडण्या घट्ट व्हायला हातभार लावतं. इन्सुलिन इथे निरोप्या आहे, शिधा वाटणारा नव्हे. लठ्ठपणात आणि रेझिस्टन्समध्ये रक्तात इन्सुलिन जास्त असूनही मेंदूत जाणारा त्याचा वाटा कमी होतो आणि मेंदूचा प्रतिसादही मंदावतो. जर्मनीतल्या ट्युबिंगेनमध्ये २०२५ साली छापलेल्या प्रयोगात तरुण निरोगी पुरुषांना फक्त पाच दिवस जेवणाशिवाय वरून भरपूर चिप्स-चॉकलेटसारखं खायला दिलं. वजन म्हणावं तसं वाढलं नाही, पण मेंदूचा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद बदलला, आणि नेहमीच्या जेवणावर आल्यावर आठवडाभरानेही तो पूर्ववत झाला नव्हता. शाळेच्या स्टाफरूममध्ये रोज वाढदिवसाचा केक आणि फरसाण असतं हे मला माझ्या शिक्षक रुग्णांकडून माहीत आहे, म्हणून हा प्रयोग तुम्हाला सांगावासा वाटला.

आता मेंदूच्या साखर वापरण्याकडे येऊ, कारण व्हिडिओवाल्यांचा सगळा भर पेट स्कॅनच्या निळ्या-लाल चित्रांवर असतो. या तपासणीत ग्लुकोजसारखा पण किंचित किरणोत्सर्गी पदार्थ शिरेतून देतात आणि मेंदूचा कुठला भाग तो किती घेतो ते पाहतात. अल्झायमरमध्ये मेंदूच्या मागच्या आणि कानाजवळच्या ठरावीक भागांत हे घेणं कमी दिसतं. विस्कॉन्सिनमध्ये २०१५ साली १५० मध्यमवयीन, स्मरणशक्ती ठीक असलेल्या लोकांत दिसलं की होमा जितका जास्त, तितका काही भागांतला ग्लुकोजचा वापर कमी, आणि तो कमी असलेल्यांची आठवणीची परीक्षाही किंचित कमी. व्हिडिओत एवढंच दाखवतात आणि ‘बघा, साखर शिरत नाही’ म्हणतात.

पण फिनलंडमधल्या तुर्कूच्या गटाने २०११ मध्ये उलटंच चित्र पाहिलं. त्यांनी शिरेतून इन्सुलिन चालू ठेवून स्कॅन केला, तेव्हा साखर बिघडलेल्या लोकांचा मेंदू जास्त ग्लुकोज घेत होता, आणि निरोगी लोकांच्या मेंदूत इन्सुलिनने काही फरक पडला नाही. अतिलठ्ठ लोकांत हाच वाढलेला वापर वजन उतरवण्याच्या बॅरिअॅट्रिक शस्त्रक्रियेनंतर खाली आला. येल विद्यापीठात २०१७ मध्ये आणखी वेगळी बाजू दिसली: रक्तातली साखर मुद्दाम वाढवली तरी लठ्ठ आणि मधुमेही लोकांच्या मेंदूत ती निरोगी माणसांइतकी वाढत नव्हती. सतत साखरेच्या पुरात राहिलेला मेंदू तिची आवक आवरतो, असं मी याचं वाचन करतो.

उपाशीपोटी कमी, इन्सुलिन चालू असताना जास्त. ‘दार बंद’ या एका वाक्यात हे बसत नाही. विजेचं बिल कमी आलं म्हणजे तार तुटली असं आपण धरत नाही, घरात दिवेच कमी लागले असतील. चेतापेशींच्या जोडण्या कमी झाल्या, त्यांचं काम मंदावलं, तर त्या साखरही कमीच मागणार. अल्झायमरमध्ये साखरेचा कमी वापर हा बराचसा असा, काम कमी झाल्याचा परिणाम आहे. अशा मेंदूसाठी बाहेरून ग्लुकोज ओतून दिवे लागत नाहीत. उंदरांमध्ये चेतापेशींवरची इन्सुलिनची ग्राहक-प्रथिनं जनुकीय बदलाने काढून टाकली, तेव्हाही त्यांच्या मेंदूचा मूळचा ग्लुकोज-वापर बदलला नाही. मात्र ते उंदीर लठ्ठ झाले, आणि टाऊ नावाच्या ज्या प्रथिनाच्या गुंतवळी अल्झायमरमध्ये सापडतात, त्यात रासायनिक बदल वाढले. म्हणजे साखरेची आवक शाबूत राहूनही इन्सुलिनचा निरोप बंद पडल्याचे परिणाम होतात. माझ्या मते या विषयातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हेच आहे.

‘टाइप ३ डायबिटीस’ हा शब्द २००५ मध्ये अमेरिकेतल्या सुझान डी ला माँट यांच्या गटाने वापरला. अल्झायमरने गेलेल्या लोकांच्या मेंदूत इन्सुलिन आणि त्याच्या भाऊबंद प्रथिनांचं कामकाज मंदावलेलं त्यांना दिसलं. निरीक्षण मोलाचं होतं. पण ते कुठलंही अधिकृत निदान नाही, आणि अल्झायमर झालेल्या कितीतरी जणांना मधुमेह नसतो. मधुमेहाची औषधं देऊन अल्झायमर रोखता येतो का, हे प्रामाणिकपणे तपासून झालं आहे. नाकातून इन्सुलिनचा फवारा देण्याच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये आले, मुख्य उद्दिष्ट साधलं नाही. सेमाग्लुटाइड या मधुमेहावरच्या गोळीच्या दोन मोठ्या चाचण्या नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाल्या, आजार सुरू झालेल्या लोकांमध्ये त्याची चाल मंदावली नाही. मला याचं वाईट वाटलं, कारण माझे काही रुग्ण या बातमीकडे डोळे लावून बसले होते. पण यातून तुमच्यासाठी अर्थ निघतो तो असा: आजार रुजल्यावर इन्सुलिनची वाट दुरुस्त करून फारसं हाती लागत नाही. चाळिशी-पन्नाशीत, वाहिन्या आणि जोडण्या शाबूत असताना जे कराल त्याची गोष्ट वेगळी आहे. २०२४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने स्मृतिभ्रंशाची १४ टाळता येण्यासारखी कारणं मांडली. त्यात मधुमेह आहे, मध्यम वयातला रक्तदाब, वाढलेलं एलडीएल कोलेस्टेरॉल आणि कमी ऐकू येणंही आहे.

आता तुमच्या चार वाजताच्या सुन्न डोक्याबद्दल. हे लक्षण खरं आहे, त्याला मी मनाचे खेळ म्हणणार नाही. रेझिस्टन्सच्या सुरुवातीच्या काळात काहींना जेवणानंतर इन्सुलिन उशिरा आणि नको तेवढं सुटतं. मग तीन-चार तासांनी साखर झपकन खाली येते, हात थरथरतात, घाम येतो, चिडचिड होते. काहींची साखर तेव्हा ९५ असते आणि तरी अस्वस्थ वाटतं, कारण दुपारभर ती १८० वर होती. म्हणून एक साधा ग्लुकोमीटर आणा. पुढचे दहा दिवस डोकं सुन्न झालं की आधी बोटातून साखर तपासा, वहीत लिहा, सोबत दुपारी काय खाल्लं होतं तेही लिहा. ७०च्या खाली आली तर लगेच काहीतरी गोड घ्यायचं, यात वाद नाही, आणि मग माझ्याशी किंवा तुमच्या डॉक्टरांशी बोलायचं. माझा अंदाज आहे की बहुतेक वेळा ती ११० ते १६०च्या दरम्यान निघेल. तेवढी साखर रक्तात असताना मेंदूला इंधन कमी पडत नाही. त्यावर ग्लुकोज पावडर घेतली की ती साखर सरळ २०० कडे जाईल, पाठोपाठ इन्सुलिनचा लोंढा आणि तासा-दोन तासांनी पुन्हा तीच मरगळ.

आणि साखरेकडेच बघत बसू नका. ४७ व्या वर्षी, पाळी अनियमित झाली आहे असं तुम्ही लिहिलं आहे, रात्री दोनदा घामाने जाग येते असंही लिहिलं आहे. रजोनिवृत्तीच्या उंबरठ्यावर नावं अडकणं, लक्ष न लागणं फार सर्रास आढळतं. अपुरी झोप एकट्याने इन्सुलिन रेझिस्टन्स वाढवते. शिकागोत १९९९ मध्ये निरोगी तरुणांना सहा रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं, तेवढ्याने त्यांच्या शरीराची साखर हाताळण्याची क्षमता घसरली. त्यामुळे घाम आणि झोप यांसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटणं हा तुमच्या साखरेचाच उपचार आहे. घोरत असाल तर तेही सांगा. टीएसएच (थायरॉइडसाठी), हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासून घ्या. तुम्ही शाकाहारी आहात. पुण्यातल्याच संशोधनाने आपल्याकडे बी-१२ची कमतरता किती पसरलेली आहे ते दाखवलं आहे, आणि ती एकटीच विसराळूपणा आणि हातापायांना मुंग्या आणू शकते. पुढे मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी सुरू झाली तर त्याने बी-१२ आणखी उतरतं, म्हणून आताच पाहून ठेवा. पेट स्कॅन किंवा एमआरआयची तुम्हाला आज गरज नाही. नाव आठवत नाही पण अर्ध्या तासाने आठवतं, हे घाबरण्यासारखं नाही. रोजची वाट चुकणं, तोच प्रश्न तासात चारदा विचारणं, रोजच्या स्वयंपाकाचा क्रम विसरणं, असं काही असतं तर मी वेगळं लिहिलं असतं.

उपायात सगळ्यात वर मी शतपावली ठेवतो. आपल्या आजी-आजोबांची ही सवय शरीरशास्त्राला धरून आहे. स्नायू आखडतो-सैल होतो तेव्हा ग्लूट-४ इन्सुलिनची हाक नसतानाही पेशीच्या आवरणावर येतं. म्हणजे इन्सुलिनला बहिरा झालेला स्नायू चालण्याचं ऐकतो! जेवणातली साखर रक्तात चढत असते तेव्हाच तिला उचलणारे हात कामाला लागतात. शंभर पावलांनी भागणार नाही, पण दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर पंधरा-पंधरा मिनिटं चाललात तर चारचं सुन्नपण बहुधा सगळ्यात आधी यानेच हलेल. शाळेत मधल्या सुट्टीनंतरचा तास उभं राहून, वर्गात फिरत घ्या. आठवड्यातून तीनदा मांड्या आणि पाठीचे स्नायू वाढवणारा व्यायाम करा, खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस केली तरी सुरुवातीला चालेल. आपल्याकडे जन्मतःच स्नायू कमी असतात हे वर सांगितलंच आहे, आणि पन्नाशीत ते आणखी घटतात.

जेवणाबद्दल मी फार नियम घालत नाही. तुमचा नाश्ता रोज पोहे, साबुदाणा किंवा उपमा आहे आणि दुपारच्या डब्यात तीन पोळ्या आणि बटाट्याची भाजी. त्यात प्रथिनं जवळजवळ नाहीत. पोह्यांत मोड आलेली मटकी घाला, डब्यात एक पोळी कमी करून उसळ किंवा पनीर न्या, सोबत ताक. सोमवार आणि चतुर्थीच्या उपासाचा साखरेला फायदा होतो असं तुम्हाला वाटतं, पण साबुदाण्याची खिचडी, बटाटा आणि राजगिऱ्याची चिक्की म्हणजे पिष्ट आणि साखरेची थाळीच. उपास करायचा तर दूध, दाणे, दही, फळ यावर करा. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी आपल्याच देशातल्या, तुमच्यासारख्या मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांवर केलेल्या २००६ सालच्या अभ्यासात चालणं आणि आहार सांभाळल्याने तीन वर्षांत मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी कमी झालं, मेटफॉर्मिनने २६.४ टक्क्यांनी. दोन्हींची बरोबरी आहे, म्हणून मी आधी चालायला सांगतो. रक्तदाब मात्र आजच मोजा, तुमच्या पत्रात तो कुठेच नाही.

खोबरेल तेलाचं. अल्झायमरमध्येही मेंदू कीटोन चांगले वापरू शकतो हे कॅनडातल्या शेरब्रुकच्या गटाने दाखवलं आहे, तिथून ही कल्पना आली. पण खोबरेल तेलात मुख्यतः लॉरिक आम्ल असतं आणि त्यातून कीटोन फार थोडे बनतात. तुमच्या मेंदूला आज पर्यायी इंधनाची गरजही नाही. आमटीत ओलं खोबरं घाला, ते अन्न आहे. औषध म्हणून सकाळी दोन मोठे चमचे तेल पिण्याने २०० च्या वर कॅलरी आणि बरीच संपृक्त चरबी वाढेल, एवढंच.

एक प्रसंग सांगून थांबतो, कारण तुमच्या सासूबाई मधुमेहाच्या गोळ्या घेतात असं तुम्ही ओघात लिहिलं आहे. काही वर्षांपूर्वी ७८ वर्षांचे एक आजोबा माझ्याकडे आणले. दोन महिन्यांपासून संध्याकाळी भलतंच बोलत, एकदा देवघरातच लघवीला बसले. घरच्यांनी वृद्धाश्रमाची चौकशी सुरू केली होती. त्या दिवशी एकादशी होती. आजोबांनी ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी घेतली होती आणि दिवसभर जवळजवळ काही खाल्लं नव्हतं. बोटातून साखर तपासली, ४२. शिरेतून ग्लुकोज दिलं आणि दहा मिनिटांत त्यांनी मुलाला विचारलं, “बाळ्या, आपण इथे कशाला आलोय?” स्मृतिभ्रंशाचं वेड लागलंय म्हणून ज्यांना घरातून हलवायची तयारी चालली होती, त्यांचा मेंदू दर संध्याकाळी खरोखर उपाशी पडत होता, आणि तो गोळीमुळे. वय वाढलं होतं, मूत्रपिंडं मंदावली होती, खाणं निम्म्यावर आलं होतं, गोळी मात्र दहा वर्षांपूर्वीचीच. गोळी बदलली आणि ते पुढे चार वर्षं स्वतः भाजी आणायला जात होते. साखर अशी वारंवार फार खाली जाणाऱ्या वृद्धांमध्ये स्मृतिभ्रंश जास्त आढळतो हे कॅलिफोर्नियात २००९ मध्ये हजारो मधुमेही रुग्णांच्या नोंदींवरून दिसलेलं आहे.

तेव्हा सासूबाईंच्या गोळ्यांच्या पट्टीचा फोटो, त्यांची क्रिएटिनीनची (मूत्रपिंडांच्या कामाची) शेवटची तपासणी आणि तुमच्या वहीतले दहा दिवसांचे आकडे मला एकत्रच पाठवा. त्यांना संध्याकाळी घाम, थरथर किंवा गोंधळल्यासारखं होत असेल तर मात्र माझ्या उत्तराची वाट पाहू नका, तुमचाच ग्लुकोमीटर त्यांच्या बोटाला लावा.